हाताखालचा माणूस शेजारी दुकान टाकतो तेव्हा

जरीच्या कारखान्यात शागिर्द अड्ड्यावर बसून सुई धरायला शिकतो, काही वर्षांत कारागीर होतो आणि एके दिवशी त्याच मोहल्ल्यात स्वतःचा अड्डा टाकतो. मालेगाव-भिवंडीत साच्यांवर राबलेला माणूस चार साचे भाड्याने घेऊन कारखानदार बनतो. धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणारा दुसऱ्याच्या गाळ्यातून उठून आपला गाळा घेतो. कारागिरीच्या धंद्यातील ही जुनी रीत आहे. उस्ताद चार दिवस नाराज राहतो, मग "आमच्याच हाताखाली तयार झाला" असे स्वतःच सांगू लागतो.

हेच एखाद्या कार्यालयात घडले की मात्र त्याला दगाबाजी म्हटले जाते. कारागिरांची व व्यापाऱ्यांची मुले शिकून कर सल्लागार, आर्किटेक्ट, इंटिरिअरची कामे घेणारे, संगणक प्रणाली तयार करणारे झाली आहेत. दोन खोल्यांत सुरू झालेली त्यांची कार्यालये वाढत आहेत. काम मिळविणे त्यांना जमते, काम करणेही जमते. अडते ते माणसांपाशी. विशेषतः ज्या पहिल्या माणसाच्या भरवशावर कार्यालय उभे राहिले, तोच माणूस कार्यालय मोठे झाल्यावर निघून जातो आणि निम्मी कामे बरोबर घेऊन जातो. असे का होते याचा विचार साच्याच्या मालकानेही करण्यासारखा आहे, कारण चार साच्यांचे बारा साचे झाले की त्याच्यापुढेही हाच प्रश्न येतो.

कर सल्लागाराच्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. आपल्या बहुतेक वाचकांचा त्याच्याशी दरमहा संबंध येतो.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. त्याआधी व्हॅटची विवरणपत्रे भरणाऱ्या लहान सल्लागाराचे एक टेबल, एक संगणक आणि एक मदतनीस एवढ्यावर भागत असे. जीएसटीने महिन्याच्या मुदती आणल्या. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याची विक्रीची माहिती पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि कर 20 तारखेपर्यंत गेला पाहिजे. शिवाय जुलै ते ऑक्टोबर हा प्राप्तिकर आणि ऑडिटचा हंगाम वेगळाच. काम वाढले तशी माणसेही वाढली.

पहिला मदतनीस बहुधा ओळखीतून आलेला असतो. बारावी किंवा बी.कॉम. झालेला, झेरॉक्स काढण्यापासून बँकेत चलन भरण्यापर्यंत सगळे करणारा. पाच-सहा वर्षांत त्याला प्रत्येक पार्टीची नस कळते. कोण बिले वेळेवर पाठवतो, कोणाला तीनदा फोन करावा लागतो, कोणाची फी उधार राहते, कोणाचा पासवर्ड काय आणि ओटीपी कोणत्या मोबाईलवर येतो, हे सर्व त्याच्या डोक्यात असते. पार्टीही मालकाला फोन न करता त्यालाच करते. मालकाला हे फार सोयीचे वाटते. तो नवीन कामे आणायला बाहेर फिरतो, आणि मागे कार्यालय "भाई बघतात."

मग तीन माणसांची सहा होतात, सहांची बारा. शहरातून एम.कॉम. झालेला मुलगा जुन्या माणसाच्या दीडपट पगारावर येतो, कारण आज बाजारात तोच भाव आहे. मालकाचा पुतण्या गल्ल्याच्या टेबलावर बसतो. नव्या मुली येतात, त्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा वेगळ्या. जुना माणूस सर्वांना काम शिकवतो, सर्वांच्या चुका दुरुस्त करतो. पण त्याचा हुद्दा तोच, पगारात वर्षाला हजार-पाचशेची वाढ, आणि मालक त्याला सर्वांसमोर "अरे" म्हणूनच हाक मारतो. दोघांत वाद होत नाही, भांडण तर नाहीच. एके दिवशी तो येऊन सांगतो, "सर, पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही." दोन महिन्यांनी समोरच्या इमारतीत त्याची पाटी लागते.

कागदाने माणूस बांधला जात नाही

यावर पहिला उपाय मालकांना सुचतो तो स्टॅम्पपेपरचा. "नोकरी सोडल्यावर या शहरात तीन वर्षे हा धंदा करणार नाही" असे लिहून घ्यायचे. काहीजण तर मुलांची मूळ गुणपत्रके कपाटात ठेवून घेतात. हे दुसरे तर सरळ अन्यायाचे आहे. ती कागदपत्रे मालकाची नाहीत आणि ती अडकवून ठेवण्याचा त्याला काही अधिकार नाही. पण पहिल्या उपायातही फारसा दम नाही.

1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 27 असे आहे की, एखाद्याला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. याला अपवाद आहे तो धंद्याची पत विकत देणाऱ्याचा. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या कल्याणच्या टायर कॉर्ड विभागातील एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार मध्येच मोडून राजस्थानातील प्रतिस्पर्धी कंपनीत नोकरी धरली. 1967 साली न्यायालयाने कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती त्याच्यावर घातलेली मनाई योग्य ठरविली. पण 1980 साली सुपरिंटेंडन्स कंपनीच्या प्रकरणात, नोकरी संपल्यानंतर माजी कर्मचाऱ्याला तोच धंदा करण्यास मनाई करण्याचे न्यायालयाने नाकारले. म्हणजे नोकरी चालू असेतो बंधन घालता येते, नोकरी संपली की माणूस मोकळा. 2025 साली एका सरकारी बँकेचा तीन वर्षांच्या नोकरीचा दोन लाखांचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला, त्याचाही आधार हाच की ते बंधन नोकरीच्या मुदतीतील होते.

पार्टीची कागदपत्रे, पासवर्ड, याद्या घेऊन जाऊ नये, गुप्त माहिती बाहेर देऊ नये, हे लिहून घेणे योग्यच. परंतु ज्या व्यापाऱ्याला त्या माणसाचा स्वभाव आवडला, त्याचे काम पसंत पडले, तो व्यापारी स्वतःच्या मर्जीने त्याच्याकडे गेला तर त्याला कोण अडविणार? पार्टी हा काही कपाटातला माल नव्हे.

तेव्हा विचार करायचा तो तो माणूस थांबावा कशासाठी, याचा.

तीन जणांत जे चालते ते बारांत चालत नाही

तीन माणसांच्या कार्यालयात एकमेकांशी जुळवून घेण्याच्या जोड्या तीन. पाच माणसांत त्या दहा होतात. बारा माणसांत सहासष्ट! मालकाला वाटते की माणसे चौपट झाली. प्रत्यक्षात रुसवेफुगवे, गैरसमज आणि "मला कोणी सांगितलेच नाही" याच्या जागा बावीसपट झालेल्या असतात. तीन माणसांत न बोलता चालत होते, कारण सगळे एकाच खोलीत होते आणि प्रत्येकाला प्रत्येकाचे काम दिसत होते. बारा माणसांत जे बोलले नाही ते कोणालाच कळत नाही.

मालक तरीही जुन्या सवयीने चालतो. काम देतो ते जो समोर दिसेल त्याला. एका नोटिशीचे उत्तर दोघांना सांगतो आणि दुसरीचे कोणालाच नाही. 20 तारखेला रात्री अकरा वाजता कळते की एका पार्टीचे विवरणपत्र राहिले. मग सर्वांसमोर आरडाओरड होते, आणि ती बहुधा जुन्या माणसावरच होते, कारण तो उलट बोलत नाही हे ठाऊक असते.

कारखान्यात उस्तादाने रागावणे शागिर्द मनावर घेत नाही असे आपण धरून चालतो. (ते खरे किती, हे शागिर्दालाच विचारावे.) कार्यालयात तर हे मुळीच चालत नाही. ज्याच्या हाताखाली चार मुले दिली, त्याला त्या चारांसमोर बोलले की त्याचा अधिकार त्याच क्षणी संपतो. दुसऱ्या दिवसापासून ती चार मुले प्रत्येक गोष्ट विचारायला थेट मालकाकडे येऊ लागतात, आणि मालक म्हणतो, "एवढी माणसे ठेवली तरी सगळे मलाच बघावे लागते."

अधिकार द्यायचा तर तो नेमक्या शब्दांत द्यावा. "तुम्ही सगळे बघा" याला अधिकार म्हणत नाहीत, ते नुसते ओझे झाले. पार्टीला पाचशे रुपयांपर्यंत फी सोडायची झाली तर भाईंनी विचारू नये. एक दिवसाची रजा त्यांनीच द्यावी. नवा मुलगा तीन महिन्यांनी कायम करायचा की नाही, यात त्यांचे मत घेतले जाईल. आणि त्यांनी "नाही" म्हटलेल्या गोष्टीला मालकाने मागच्या दाराने "हो" म्हणू नये. यातली शेवटची बाब सर्वांत अवघड आहे.

पुतण्याचे, भाच्याचे, मेहुण्याचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. नातेवाइकाला ठेवू नये असे सांगणे फुकाचे. कोणी ऐकणार नाही आणि संकटात तेच उपयोगी पडतात हेही खरे. पण त्याने हजेरीपुस्तकावर सही करावी, त्याचा पगार इतरांसारखाच बँकेत जमा व्हावा, आणि तो जुन्या माणसाच्या हाताखाली काम शिकत असेल तर तक्रार घरी दस्तरखानावर न करता त्याच माणसाकडे करावी. दुपारी पुतण्याला बोललेला शब्द रात्री काकापर्यंत पोहोचतो, हे एकदा कळले की त्या कार्यालयात कोणीही त्याची चूक दाखवीत नाही. नुकसान होते ते पुतण्याचेच. तो काही शिकतच नाही.

पगार, उचल आणि दहाचा आकडा

पगार गुप्त राहतो या भ्रमात मालकांनी राहू नये. बारा माणसांच्या कार्यालयात तो आठ दिवसांत सर्वांना कळतो. नव्या माणसाला बाजारभावाने घ्यावे लागले तर त्याच महिन्यात जुन्याचा पगार पाहावा. दोन्ही वाढविणे परवडत नसेल तर नवा माणूस घेणेच परवडत नाही, असे समजावे. जुन्याला "आपले घरचेच" म्हणून मागे ठेवणे आणि परक्याला पुढे बसविणे, यापेक्षा जास्त कटुता दुसऱ्या कशाने येत नाही.

पगाराची तारीख ठरलेली असावी. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे ही मर्यादा 1936 च्या वेतन कायद्यापासून ओळखीची आहे आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या; त्यांतील व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. नेमणूकपत्र म्हणजे फार मोठे काही नाही. हुद्दा, पगार, कामाची वेळ, रजा, कोणाच्या हाताखाली, आणि नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगायचे, एवढे एका पानात मावते.

उचलीचा विषय वेगळा. बहिणीचे लग्न, आईचे ऑपरेशन, घराची अनामत, अशा वेळी मालक पैसे देतो, ही आपल्या धंद्यातील चांगली गोष्ट आहे. पण ती तोंडी राहते. "भाई, आपल्यात काय लिहायचे?" असे मालकही म्हणतो आणि नोकरही. दोन वर्षांनी एकाच्या आठवणीत साठ हजार असतात आणि दुसऱ्याच्या पंचेचाळीस. खरे पाहता आपल्याला याचे नवल वाटायला नको. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा आदेश सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. लिहिणे हा अविश्वास मानण्याची पद्धत आपण कोठून उचलली कोण जाणे. रक्कम, तारीख, दरमहा किती कापायचे, दोघांच्या सह्या, आणि एक प्रत त्याच्याकडे. वेतन संहितेप्रमाणे सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत हेही ध्यानात ठेवावे.

आता दहाचा आकडा. दहा माणसे झाली की राज्य कामगार विमा योजना लागू होते (21,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्यांसाठी), ग्रॅच्युइटीची जबाबदारी येते, आणि लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते. भविष्य निर्वाह निधी विसांपासून. म्हणून कित्येक कार्यालये कागदावर कायमची नऊ माणसांची असतात. हा हिशेब फार आखूड बुद्धीचा आहे. ज्याचे नाव कागदावर नाही, तो माणूस त्या कार्यालयाला आपले का मानील? आणि जो कर सल्लागार व्यापाऱ्यांना नियमाप्रमाणे चाला म्हणून सांगतो, त्याच्याच घरी हे असावे!

ग्रॅच्युइटीचा अंदाज मालकांना सहसा नसतो. पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 18,000 असेल आणि आठ वर्षे झाली असतील, तर ही रक्कम सुमारे 83,000 रुपये होते. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला आता एका वर्षानंतरच त्या प्रमाणात हक्क मिळतो. दरमहा थोडे बाजूला टाकले तर हे जड नाही. एकदम काढायची वेळ आली की जड, आणि मग टाळाटाळ सुरू होते. आठ वर्षे राबलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी जी वागणूक मिळते ती उरलेली अकरा माणसे पाहत असतात.

मुलींच्या बाबतीत दोन शब्द. 20 तारखेच्या रात्री सर्वांना दहापर्यंत बसवून ठेवण्याची चाल असेल, तर चांगल्या, हुशार मुली सहा महिन्यांत सोडून जातात, आणि त्या कारण सांगत नाहीत. घरचे जाऊ देत नाहीत एवढेच म्हणतात. कामाची आखणी अशी हवी की बिले 5 तारखेपर्यंत मागविली जातील आणि शेवटचा दिवस इतर दिवसांसारखाच संपेल. बिले उशिरा पाठविणाऱ्या व्यापारी वाचकांनीही हे वाक्य स्वतःसाठी लिहिले आहे असे समजावे. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रीला तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, याची माहिती भिंतीवर लावून ठेवावी.

हिस्सा द्यावा, पण समजून द्यावा

जुन्या माणसाला थांबवायचे तर एका टप्प्यावर पगार अपुरा पडतो. त्याला आपल्या श्रमाच्या वाढीत वाटा हवा असतो, आणि ते रास्त आहे. येथे मालक दोन टोकांना जातात. एकतर काहीच देत नाहीत, किंवा भावनेच्या भरात "आजपासून तू पार्टनर" म्हणून टाकतात.

भागीदारी ही फार गंभीर गोष्ट आहे. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे करारात वेगळे लिहिले नसेल तर नफा आणि तोटा सर्व भागीदारांत समसमान वाटला जातो. कोणी किती भांडवल घातले हे विचारले जात नाही. एका भागीदाराने फर्मच्या नावाने केलेले देणे दुसऱ्याच्या घरादारापर्यंत पोहोचू शकते. वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. नोंदणी न केलेल्या फर्मला करारातील हक्कासाठी बाहेरच्यावर दावाही लावता येत नाही. तोंडी भागीदारीतून किती सख्खे भाऊ कोर्टात गेले हे आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. जबाबदारी मर्यादित ठेवायची असेल तर 2008 च्या कायद्याखाली एलएलपी करता येते.

पण भागीदार न करताही हिस्सा देता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्याच 1932 च्या कायद्याच्या कलम 6 मध्ये स्पष्ट केले आहे की, नोकराला मोबदला म्हणून नफ्यातील वाटा दिला एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. म्हणजे जुन्या माणसाला एका पत्राने सांगता येते: पगार अमुक, शिवाय तुमच्या विभागातून जी फी जमा होईल तिचा इतका टक्का वर्षाअखेर. हिशेब त्याला दाखवावा. न दाखवलेल्या हिशेबाचा टक्का दिला काय आणि न दिला काय सारखेच. (सनदी लेखापालाला मात्र संस्थेबाहेरच्या व्यक्तीस फी किंवा नफ्यात वाटा देण्यास 1949 च्या कायद्याने मनाई आहे, त्याने पगार आणि बोनसचा मार्ग धरावा.) जरीचा ठेकेदार, फर्निचरचा कारखानदार, छापखान्याचा मालक यांनाही हा मार्ग मोकळा आहे.

आणि तरीही तो निघाला तर

सर्व काही नीट करूनही माणूस जाऊ शकतो. स्वतःचे काही उभे करावे ही इच्छा गुन्हा नाही. मालकानेही एके काळी तेच केले होते. अशा वेळी पहिले दोन दिवस मालकाने गप्प राहावे. रागात पार्ट्यांना फोन करून "तो लबाड आहे" असे सांगणाऱ्याकडे पार्ट्या थांबत नाहीत. आपल्याही मागे हा असेच बोलत असेल, असे त्यांना वाटते.

समोरासमोर बसून ठरवावे. कोणत्या पार्ट्या त्याने स्वतः आणल्या, कोणत्या कार्यालयाच्या, कोणाची चालू वर्षाची कामे कोण पुरी करील. कित्येकदा लहान, कमी फी देणाऱ्या पार्ट्या त्याला आनंदाने देण्यासारख्या असतात, कारण मोठ्या झालेल्या कार्यालयाला त्यांच्याकडे लक्ष देणे जमतच नसते. त्याच्या हंगामाच्या गर्दीत आपल्याकडचे जास्तीचे कामही त्याला देता येते. फर्निचरच्या धंद्यात जुना कारागीर पुढे ठेक्याने काम घेतो आणि दोघांचे बरे चालते, ते येथे का चालू नये?

वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत देणे असलेले वेतन चुकते करायचे आहे. उचलीच्या चिठ्ठीवर दोघांनी सह्या करून ती रद्द करावी, अनुभवाचे पत्र न मागता द्यावे. त्याच दिवशी पार्ट्यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे पेनड्राइव्ह मोजून परत घ्यावेत, पासवर्ड बदलावेत, आणि ज्या खात्यांना त्याचा मोबाईल क्रमांक जोडलेला आहे तेथे त्या त्या व्यापाऱ्याचा स्वतःचा क्रमांक टाकावा. तो पहिल्या दिवसापासून तेथे असायला हवा होता.